प्राण्यांचं काम कोणाला मानवतं?

डब्लिनच्या पश्चिम टोकाला, क्लोनसिलाला लागून ओंगार आहे. आज तिथे ओळीने घरं, दुकानं, शाळा दिसतात. या शतकाच्या सुरुवातीला ही वस्ती उभी राहण्याआधी तिथे घोड्यांचा स्टड फार्म होता. आता त्या जमिनीवर राहणाऱ्यांमध्ये मराठी कुटुंबंही आहेत, आणि त्यांची इथे वाढलेली मुलं पंधरा-सोळाची होऊ लागली आहेत. आयरिश शाळांत या वयात ‘ट्रान्झिशन इयर’ नावाचं एक ऐच्छिक वर्ष असतं. परीक्षांचं ओझं कमी, आणि एखाद्या कामाच्या ठिकाणी जाऊन काही दिवस प्रत्यक्ष काम करायचं. त्या सुमारास घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “मला प्राणी खूप आवडतात, मी व्हेट होणार.”

आई-बाबा लगेच गुणांचा हिशेब मांडतात. आजी फोनवर विचारते, “गुरांचा डॉक्टर? एवढ्या लांब जाऊन?” दोन्ही बाजू काळजीपोटीच बोलतात, पण नेमका महत्त्वाचा प्रश्न मधल्या मध्ये राहून जातो: या मुलाला हे काम मानवेल का?

ज्याला प्राणी आवडतात त्याने प्राण्यांचं काम करावं, हे किती सरळ वाटतं! प्रत्यक्षात मात्र या क्षेत्रात एक कोडं सतत दिसतं. प्राण्यांवर जीव टाकणारी काही माणसं थोड्याच वर्षांत थकून बाहेर पडतात, आणि वरवर कोरडी वाटणारी काही माणसं निवृत्त होईपर्यंत आनंदाने टिकतात. असं का होतं हे समजलं, तर स्वतःच्या जमेच्या आणि कमतरतेच्या बाजू कशा जोखायच्या, तेही समजतं.

आवड नेमकी कशाची?

‘प्राणी आवडतात’ या वाक्यातून फार थोडं कळतं. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करणारा प्रत्येक जण ते म्हणतो. जी गोष्ट सगळ्यांकडे असते, तिच्यावरून कोण टिकेल आणि कोण नाही हे सांगता येत नाही.

शिवाय आवडीच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एखाद्या मुलीला कुत्र्याला कुशीत घ्यायला आवडतं, म्हणजे तिला स्पर्श आणि सोबत हवी असते. एखाद्या मुलाला मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते हे तासभर पाहत बसायला आवडतं, म्हणजे त्याला कुतूहल आहे. कोणाला जखमी पक्षी पाहवत नाही. आणि कोणाला माणसांच्या गर्दीपेक्षा प्राण्यांच्या सहवासात शांत वाटतं. या चौघांच्या तोंडी वाक्य एकच असलं, तरी त्यांना मानवणारी कामं अगदी निराळी आहेत.

फिनिक्स पार्कमधलं डब्लिन झू १८३१ साली सुरू झालं. तिथल्या ‘काझीरंगा फॉरेस्ट ट्रेल’मध्ये आशियाई हत्तींचा कळप आहे. तिथे काम करणं म्हणजे हत्तीच्या सोंडेवरून हात फिरवत दिवस घालवणं, अशी कल्पना मुलं करतात. पण आधुनिक प्राणिसंग्रहालयांत हत्ती आणि रक्षक यांच्यामध्ये कायम अडसर ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. प्रशिक्षण, पायांची निगा, तपासणी सगळं त्या अडसरातूनच. हत्तींनी आपलं आयुष्य हत्तींसारखं एकमेकांत जगावं, हा त्यामागचा विचार. स्पर्शाची ओढ असलेल्या मुलीला हे काम रुक्ष वाटेल, आणि मुंग्यांच्या रांगेमागे जाणाऱ्या मुलाला ते स्वर्गासारखं वाटेल.

आवडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्पसन या संशोधकांनी अमेरिका आणि कॅनडामधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या रक्षकांचा अभ्यास करून २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. बहुतेक रक्षक पदवीधर होते, पगार तुटपुंजा होता, आणि तरीही ‘आपला जन्म याच कामासाठी आहे’ अशी त्यांतल्या अनेकांची भावना होती. ही भावना जितकी तीव्र, तितकं काम अर्थपूर्ण वाटत होतं. पण तितकाच तो माणूस कमी पगार, गैरसोयी आणि जादा तास सोसायला तयार होता, आणि व्यवस्थापन त्याचा गैरफायदा घेण्याची शक्यताही वाढत होती. म्हणजे जे सर्वांत मोठं बळ, तीच दुखरी नसही. मुलाची ओढ तीव्र असेल तर ती आनंदाची गोष्ट आहे. मात्र पगार, सुट्टी आणि झोप यांबद्दल ‘नाही’ म्हणायला त्याला आधीच शिकवावं लागेल. हे शिकवणं पालकांचं काम आहे आणि ते गुणांच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

विरजण तेच, दूध वेगळं

गुण आणि दोष यांची यादी करायला सांगितली की आपण स्वतःकडे पाहून लिहायला लागतो: मी शांत आहे, मी लाजरा आहे, मला पटकन राग येतो. यात गृहीत असं असतं की गुण हा माणसाच्या आत कायमचा ठेवलेला असतो. ओंगारमधल्या कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात याचं उत्तर आहे. पुण्यात रात्री चमचाभर विरजण लावलं की सकाळी दही तयार. तेच विरजण इथे हिवाळ्यात ओट्यावर ठेवलं तर सकाळी दूध तसंच, म्हणून भांडं दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवावं लागतं. विरजणाचा कस दुधाच्या उबेवर ठरतो. माणसाच्या स्वभावाचा कसही तसाच, तो कोणत्या कामात पडतो त्यावर ठरतो.

याचं एक सुरेख उदाहरण दुधाच्याच धंद्यातलं आहे. सीब्रुक नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९७२ मध्ये गोठ्यांचा एक अभ्यास मांडला. जिथे सगळा कळप एकच माणूस सांभाळतो, असे गोठे त्याने घेतले आणि गवळ्याच्या स्वभावाचा दुधाशी काही संबंध लागतो का ते पाहिलं. सर्वांत चांगलं दूध मिळत होतं ते अबोल, आपल्यात राहणाऱ्या, पण आत्मविश्वास असलेल्या माणसांच्या गोठ्यांत. नोकरीच्या मुलाखतीत जो अबोलपणा उणा ठरला असता, तो गोठ्यात लाभाचा ठरला.

यामागची यंत्रणा आपल्या आजी-पणज्यांना अनुभवाने ठाऊक होती. गाय घाबरली की पान्हा चोरते. आज आपल्याला त्याचं कारण माहीत आहे. वासराने ढुसण्या दिल्या किंवा सडांना ओळखीचा हात लागला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन, सुटतं. ते कासेपर्यंत पोचलं की दूध साठलेल्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध खाली उतरतं. गाय भेदरली तर ॲड्रेनलिन वाढतं आणि या निरोपात अडथळा येतो. दूध कासेत असतं, पण उतरत नाही. ज्या माणसाच्या हालचाली संथ, आवाज खालचा आणि वागणं रोज सारखं, त्याच्या हाताखाली गाय भेदरत नाही.

२००९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी ५१६ ब्रिटिश दुग्धव्यावसायिकांची पाहणी केली. जे आपल्या गाईंना नावाने हाक मारत होते, त्यांच्या गाई वर्षाला सरासरी २५८ लिटर जास्त दूध देत होत्या. निव्वळ नाव ठेवल्याने दूध वाढतं असा याचा अर्थ काढता येणार नाही. जो गौरी आणि कपिला वेगळ्या ओळखतो, तो त्यांच्याकडे एकेकीने लक्षही देत असणार.

आता टेम्पल ग्रँडिन या अमेरिकी संशोधिकेचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९४७चा. त्या स्वमग्न आहेत. बोलणं उशिरा आलं, आणि विचार शब्दांऐवजी चित्रांतून होतात असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. गुरं एखाद्या अरुंद वाटेवर अचानक का थबकतात हे कोणाला उमगत नव्हतं, तेव्हा त्या गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती वाट चालून गेल्या. जमिनीवर पडलेली सावली, लोंबती साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, पाण्यावरची चकाकी अशा गोष्टी त्यांना खटकल्या. गुरांनाही त्याच खटकत होत्या. पुढे त्यांनी गुरं हाताळण्याच्या वाटांची आणि आवारांची जी रचना केली, ती जगभर वापरली गेली. शाळेत ज्या गोष्टींनी त्यांना त्रास झाला, त्याच गोठ्यात उपयोगी पडल्या.

इथलं काम दिसतं कसं

तेव्हा दूध किती कोमट आहे, म्हणजे काम नेमकं कसं आहे, हे आधी पाहायला हवं. ओंगारच्या मुलाच्या डोळ्यांसमोर व्हेट म्हणून जी व्यक्ती असते ती गावातल्या दवाखान्यात मांजरीला लस टोचणारी. आयर्लंडचं खरं चित्र वेगळं आहे. २०२२च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या सुमारे ५१ लाख होती. गाई-बैल-वासरं मिळून सुमारे ७० लाख आहेत. माणसांपेक्षा गुरं जास्त असलेल्या देशात पशुवैद्यकाच्या कामाचा मोठा भाग शेतावर असतो.

वसंतात गवत वाढू लागतं, त्याच्या बेताने फेब्रुवारी ते एप्रिल हा गाई विण्याचा हंगाम असतो. रात्री दोनला फोन येतो, पाऊस असतो, वासरू आडवं आलेलं असतं आणि खांद्यापर्यंत हात घालून ते वळवायचं असतं. त्याला ताकद लागते, पण ताकदीहून जास्त लागते ती अंगभूत सबुरी. घाईने ओढलं तर गाय आणि वासरू दोन्ही गमावण्याची भीती.

दुसरं टोक म्हणजे कंटाळवाणं काम. गुरांच्या क्षयरोगाविरुद्ध आयर्लंडमध्ये १९५०च्या दशकापासून मोहीम चालू आहे, आणि प्रत्येक कळपाची वर्षातून किमान एकदा चाचणी व्हावी लागते. मानेवर दोन जागी केस कापायचे, कातडीची जाडी मोजायची, दोन वेगळी द्रव्यं टोचायची. एक गाईंच्या क्षयजंतूचं, दुसरं पक्ष्यांच्या. तीन दिवसांनी परत येऊन सूज मोजायची आणि दोन्हींची तुलना करायची. शंभर गुरं असतील तर शंभरदा हेच, आणि शेवटच्या गाईचं मोजमाप पहिलीइतकंच काटेकोर हवं. एखाद्या निरोगी दिसणाऱ्या गाईला चाचणीने रोगी ठरवलं, तर ती कत्तलीला जाणार हे शेतकऱ्याला तोंडावर सांगायचं असतं.

त्या शेवटच्या वाक्यात या कामाचं एक अंग आहे, जे मुलांना जवळपास कधीच ठाऊक नसतं. प्राणी स्वतः दवाखान्यात येत नाही, त्याला माणूस घेऊन येतो. कुत्र्याच्या ऑपरेशनला किती खर्च येईल, तो परवडत नसेल तर काय करायचं, आजवर कुठे हयगय झाली, हे सगळं माणसांशी बोलायचं असतं. ‘मला माणसांत मिसळायला नको म्हणून मी प्राण्यांकडे वळतो’ असं म्हणणाऱ्या मुलाला दवाखान्यातलं काम जड जाईल. त्याने प्रयोगशाळा, वन्यजीवांची गणना, रोगनिदानशास्त्र या वाटा जरूर पाहाव्यात.

रक्त पाहून चक्कर येते त्याचं काय?

आपल्या उणिवा लिहिताना मुलं पहिल्यांदा लिहितात ती शरीराची उणीव. “मला रक्त पाहिलं की भोवळ येते.” आणि तिथेच स्वप्न गुंडाळून ठेवतात. इतक्या लवकर गुंडाळायचं कारण नाही.

साप, उंची, अंधार यांची भीती वाटली की हृदय जोरात धडधडतं आणि रक्तदाब वाढतो. अशा अवस्थेत सहसा कोणी कोसळत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत मात्र गाडी उलटी फिरते. आधी क्षणभर धडधड वाढते, मग व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती एकदम मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त खाली साठतं. मेंदूला पुरेसं रक्त मिळत नाही आणि माणूस कोसळतो. हा प्रकार बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. धैर्याशी त्याचा संबंध नाही. ही शरीराची एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे.

कारण रक्तदाब घसरणं हे असल्यामुळे उपायही तिथेच आहे. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात एक साधी पद्धत विकसित केली. हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवू लागली की सोडायचे, थोडं थांबून पुन्हा आवळायचे. यामुळे रक्तदाब वर राहतो. जाणकाराच्या देखरेखीखाली आधी चित्र, मग चित्रफीत, मग प्रत्यक्ष दृश्य अशा पायऱ्यांनी सराव केला तर अनेकांची भोवळ आटोक्यात येते. ही उणीव सरावाने हटणारी आहे.

ॲलर्जीची गोष्ट वेगळी. मांजराची ॲलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेखालच्या तैलग्रंथींत एक प्रथिन असतं. मांजर स्वतःला चाटतं, लाळ वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. ज्याचं शरीर या प्रथिनाला शत्रू समजतं, त्याला शिंका, डोळ्यांची आग आणि काहींना दमा होतो. इथे मन घट्ट करून उपयोग नाही. उलट संपर्क वाढला तर त्रास वाढू शकतो. प्रयोगशाळेत उंदीर-घुशी हाताळणाऱ्यांमध्ये तर आधी काहीही त्रास नसताना कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ॲलर्जी उद्भवल्याची पुष्कळ उदाहरणं आहेत. दम्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर आधी ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जायला हवं, करिअरचा निर्णय नंतर.

हे दोन नमुने एवढ्यासाठी सविस्तर सांगितले की यादीत दोन्ही ‘उणीव’ याच रकान्यात येतात. एक सरावाने जाते, दुसरी सरावाने बळावते. प्रत्येक उणिवेपुढे ‘ही कशाने निर्माण होते’ हे लिहिल्याशिवाय तिचं वजन ठरवता येत नाही.

मरण नेहमीचं असतं तेव्हा

जुलै २०२४ मध्ये डब्लिन झूमधल्या अवनी आणि झिंदा या दोन लहान हत्तिणी काही दिवसांच्या अंतराने दगावल्या. हत्तींना होणाऱ्या नागीणवर्गीय विषाणूचा संसर्ग त्यांना झाला होता, आणि तो लहान हत्तींमध्ये फार झपाट्याने वाढतो. ज्या लोकांनी त्यांना जन्मापासून किंवा लहानपणापासून वाढवलं, त्यांनाच त्याच दिवसांत उरलेल्या कळपाला औषध, चारा आणि धीर द्यायचा होता. रडायला वेळ हवाच, आणि पुढच्या हत्तीचं रक्त तपासणंही थांबवता येत नव्हतं.

व्हेटच्या दवाखान्यात असं वर्षातून एकदाच होत नाही. तिथे वेदनेतून न सुटणाऱ्या प्राण्याला शांतपणे मरण देणं हा कामाचाच भाग असतो. एका खोलीतून त्या घरच्यांचा निरोप घेऊन बाहेर पडायचं आणि शेजारच्या खोलीत नव्या पिल्लाचं हसून स्वागत करायचं. हा ताण खरा आहे. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत आत्महत्येचं प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत २.१ पट, तर स्त्रियांत ३.५ पट होतं. लांबलेले कामाचे तास, शिक्षणाचं कर्ज, मालकांच्या तक्रारी यांचाही त्यात वाटा सांगितला जातो. पालकांनी हे आकडे घाबरून लपवू नयेत. मुलाशी त्याबद्दल उघड बोलावं, आणि मन खचलं तर मदत मागायची असते हे घरात आधीच ठरून जावं.

मग हळव्या मनाच्या मुलांनी इकडे येऊच नये का? मेंदूविज्ञानातल्या तानिया झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांतून याचं आशादायक उत्तर मिळतं. दुसऱ्याचं दुःख पाहून ते आपल्याच अंगात भरून घेणं ही एक अवस्था, आणि त्याचं बरं व्हावं अशी माया मनात धरून मदतीला हात पुढे करणं ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. प्रयोगात सहभागी झालेल्यांना आधी पहिल्या प्रकारचा सराव दिला, तेव्हा दुःखाची दृश्यं पाहून त्यांची उदासी वाढली. नंतर दुसऱ्या प्रकारचा सराव दिला, तेव्हा तशाच दृश्यांसमोर त्यांच्या मनात ऊब आणि जवळीक परतली. मेंदूतही वेगळे भाग सक्रिय झाले. कोरड्या वाटणाऱ्या ज्या व्हेटचं सुरुवातीला आश्चर्य वाटलं, ती बऱ्याचदा या दुसऱ्या अवस्थेत असते. तिची माया हातांत आलेली असते, म्हणून चेहऱ्यावर दिसत नाही. हळवेपणा हा दोष म्हणून लिहू नये. तो शिकवणीला योग्य असा गुण म्हणून लिहावा.

स्वतःचं वजन स्वतःला का कळत नाही?

इतकं सगळं समजूनही मूल एकटं कागद घेऊन बसलं तर यादी चुकणार आहे. १९९९ मध्ये डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या आणि ‘तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे असाल?’ असंही विचारलं. सर्वांत खालच्या चौथ्या भागातले विद्यार्थी प्रत्यक्षात शंभरात बाराव्या पायरीच्या आसपास होते, आणि स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. एखादं काम चांगलं करायला जे ज्ञान लागतं, तेच आपलं काम चांगलं की वाईट हे ओळखायलाही लागतं. ज्याने गाय कधी हाताळली नाही, त्याला आपण ती वाईट हाताळतो हे कसं कळणार?

सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये यात मोलाची भर घातली. आतल्या आत चालणाऱ्या गोष्टी, जसं की धास्ती, चिंता, स्वतःबद्दलचा संशय, यांत माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज चांगला असतो. बुद्धी, कल्पकता यांसारख्या गोष्टींत, जिथे आपण स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला उत्सुक असतो, तिथे मित्रांचा अंदाज सरस ठरतो. म्हणजे काम वाटून घ्यावं. ‘मला कशाची भीती वाटते’ हे मुलाने स्वतः लिहावं. ‘मी दमल्यावर चिडतो का, सांगितलेलं विसरतो का, चूक झाली तर सांगतो की लपवतो’ हे मित्रांना आणि शिक्षकांना विचारावं. आई-वडिलांना शेवटी विचारावं. आपण प्रेमाने पाहतो, त्यामुळे आपल्याला कमी दिसतं.

आणखी एक परीक्षक आहे, आणि तो कोणाची भीड बाळगत नाही. गाय, मेंढी, घोडा यांच्याभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. त्यात शिरलं की प्राणी दूर सरकतो. त्याच्या खांद्याच्या मागून आत शिरलं तर तो पुढे जातो, खांद्याच्या पुढून शिरलं तर मागे. ऑस्ट्रेलियातले पॉल हेम्सवर्थ यांनी डुकरांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं, की सांभाळणाऱ्याच्या वागण्याने भेदरलेली डुकरं कमी वाढतात आणि माद्यांना पिल्लंही कमी होतात. नव्या मुलाभोवती ते वर्तुळ काही दिवसांत आकसतं की रुंदावतं, एवढं पाहिलं तरी त्याच्या हाताबद्दल पुष्कळ कळतं.

> चौकट: आयर्लंडमधल्या काही वाटा
>
> पशुवैद्यक व्हायचं तर युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन म्हणजे यूसीडीची पाच वर्षांची पदवी ही इथली जुनी आणि मुख्य वाट. लीव्हिंग सर्टिफिकेटच्या सर्वोत्तम सहा विषयांचे गुण धरले जातात, कमाल ६२५. या अभ्यासक्रमाला साडेपाचशेच्या बरेच वर लागतात. आधी दुसरी पदवी घेऊन चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाण्याचीही सोय आहे. ओंगारहून ३९ए क्रमांकाची बस वर्षानुवर्षं थेट यूसीडीपर्यंत जात आली आहे.
>
> व्हेटरिनरी नर्सिंग यूसीडीत आहेच, शिवाय डंडॉक, ॲथलोन, लेटरकेनी इथेही शिकता येतं. पशुवैद्य आणि व्हेटरिनरी नर्स दोघांनाही व्हेटरिनरी कौन्सिल ऑफ आयर्लंडकडे नोंदणी करावी लागते.
>
> घोड्यांची ओढ असेल तर किल्डेअरमधल्या आयरिश नॅशनल स्टडचा प्रजनन-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे. लांबलचक शिक्षण नको असेल तर बारावीनंतर पाचव्या स्तरावरचे प्राणी-संगोपनाचे अभ्यासक्रम आहेत.
>
> महाराष्ट्रात परतून शिकायचं तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे, आणि राज्यातली अशी महाविद्यालयं नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

व्हेटरिनरी नर्सबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपल्या घरांत ‘व्हेटला नंबर लागला नाही म्हणून नर्सिंग’ असं बोललं जातं. हे त्या कामावर अन्याय करणारं आहे. भूल दिलेल्या प्राण्याचा श्वास आणि नाडी क्षणोक्षणी पाहणं, शस्त्रक्रियेनंतर रात्रभर त्याच्याजवळ राहणं, मालकाला घरी काय करायचं ते समजावणं ही कामं नर्स करते. ज्या मुलीला प्राण्यासोबत सलग वेळ हवा आहे आणि निदानाच्या जबाबदारीचं ओझं नको आहे, तिला ही वाट व्हेटपेक्षा जास्त मानवेल. गुण जास्त पडले म्हणून तिला दुसरीकडे ढकलू नये.

हातात आलेले थोडे दिवस

ट्रान्झिशन इयरमधले ते दिवस यासाठीच वापरायचे. पुष्कळ मुलं जवळच्या छोट्या दवाखान्यात जातात, तिथे एका कोपऱ्यात उभं राहून पाहतात आणि ‘छान वाटलं’ असं लिहून देतात. त्यातून वजन होत नाही. जमलं तर निम्मे दिवस दवाखान्यात आणि निम्मे दुग्धशाळेत, घोड्यांच्या तबेल्यात किंवा आश्रयगृहात घालवावेत. ‘डीएसपीसीए’ ही प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध काम करणारी डब्लिनची संस्था १८४० पासून आहे. ‘डॉग्ज ट्रस्ट’चं केंद्र फिंगलासला, म्हणजे ओंगारपासून फार लांब नाही. अशा संस्थांच्या वयाच्या अटी आधी विचाराव्यात. घरचं वातावरण अनुकूल असेल तर अंधांसाठीच्या कुत्र्यांच्या आयरिश संस्थेचं पिल्लू सांभाळता येतं. १९७६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कॉर्कला आहे. पिल्लू साधारण वर्षभर घरी वाढवायचं आणि मग प्रशिक्षणासाठी परत द्यायचं. त्या परत देण्याच्या दिवशी मुलाचं काय होतं, हे कोणत्याही प्रश्नावलीत कळणार नाही.

काहीच मिळालं नाही तरी फिनिक्स पार्क आहे. सतराव्या शतकापासून तिथे ठिपक्यांची हरणं राहतात. त्यांच्यापासून किमान ५० मीटर दूर राहावं आणि त्यांना खायला घालू नये, अशी उद्यानाची सूचना आहे. यूसीडीतल्या संशोधकांनी तिथेच दाखवून दिलं आहे, की माणसांकडून खाणं मागणारी हरणं कळपातली ठराविक धीट हरणंच असतात. त्यामुळे फोटोसाठी गाजर पुढे करणारा माणूस नकळत कळपाचं वागणं बदलत असतो. मुलाने वही घेऊन ५० मीटरवर बसावं आणि एकाच हरणाची दर पाच मिनिटांनी नोंद करावी: चरतंय, रवंथ करतंय, मान वर करून पाहतंय. पहिला अर्धा तास सगळ्यांनाच आवडतो. त्यानंतर फोन बाहेर येतो की पुढचं पान उलटलं जातं, हे मुलाने स्वतःच पाहावं.

रोज संध्याकाळी वहीत थोडकं लिहावं. आज कशाने दमलो? कोणतं काम टाळावंसं वाटलं? कोणत्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही? आज चूक झाली तेव्हा मी काय केलं? शेवटच्या दिवशी तिथल्या माणसाला एकच विचारावं: “मला पुन्हा कामाला बोलवाल का, आणि बोलावणार नसाल तर कशामुळे?” आयरिश माणसं फार सौम्यपणे बोलतात. ‘ग्रँड’ म्हणून विषय संपवतात. तेव्हा ‘कशामुळे’ हा दुसरा भाग आग्रहाने विचारायचा.

यातून उत्तर ‘हे काम मला मानवणार नाही’ असं आलं, तरी वाट बंद होत नाही. दम्यामुळे गोठा शक्य नसलेल्या मुलाला रोगांच्या साथींचा अभ्यास करता येईल. क्षयाच्या चाचण्यांची ती सगळी मोजमापं कोणीतरी गणिताने वाचावीच लागतात. माणसांशी बोलणं आवडतं पण मरण पाहवत नाही, अशा मुलीला आश्रयगृहात कुत्र्यांसाठी घरं शोधण्याचं काम जमेल. निरीक्षणाची चिकाटी असणाऱ्याला राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव सेवेत संवर्धन-रक्षक होता येतं.

कामाच्या जागेसाठी पत्रं मात्र ट्रान्झिशन इयर सुरू होताच, सप्टेंबरमध्येच पाठवावीत. व्हेटच्या दवाखान्यांकडे अशा विनंत्या पुष्कळ येतात, आणि शेतकऱ्यांकडे फेब्रुवारीत कोणाला काही शिकवायला सवड नसते. शाळेकडून विम्याचं पत्र आधी घ्यावं. गमबूट आपल्या मापाचे न्यावेत, आणि एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाताना ते धुऊन जंतुनाशकात बुडवावेत.